अण्णांचा माईक आणि काशीबाईंची शेळी

माझं काम लोकांना गप्प बसवण्याचं आहे. पगाराच्या कागदावर संगणक सहायक असं लिहिलेलं असतं, परिषदेच्या पत्रिकेवर मॉडरेटर असं छापतात. पण लोहाऱ्यात कुणालाही विचारा, 'बटणवाले सर' म्हटलं की माझंच घर दाखवतील. थोरामोठ्यांसमोर मान खाली घालून बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला हे काम का यावं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमची संस्था शेळीपालकांची. पूर्वी सभा लोहाऱ्यात पत्र्याच्या सभागृहात व्हायची. लोक जीप भरून यायचे, चहा व्हायचा, तज्ज्ञ उशिरा यायचे. लॉकडाऊनमध्ये सभा मोबाईलवर गेली ती परत आलीच नाही. तज्ज्ञांना उन्हातान्हात लोहाऱ्याला येण्यापेक्षा घरी पंख्याखाली बसून बोलणं बरं वाटतं, आणि शेळीवाल्यांनाही शेळ्या सोडून यावं लागत नाही. ऑफिसात मोबाईलमधलं थोडंफार कळणारा मी एकटाच होतो, म्हणून ऑनलाइन परिषद माझ्या गळ्यात पडली.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांनी मॉडरेटर म्हणजे एसटीचा कंडक्टर समजावा. दार त्याच्या ताब्यात. बाहेर थांबलेल्यांना तो एकेक करून आत घेतो. आत आलेला प्रत्येक माणूस पडद्यावर एका चौकटीत बसतो. चौकटीच्या कोपऱ्यात माईकचं चित्र असतं, त्यावर बोट दाबलं की त्या माणसाचा आवाज बंद. ज्याला बोलायचंय त्यानं पिवळा हात वर करायचा. शास्त्र एवढंच. पुढचा सगळा माणसांचा प्रश्न.

मोबाईल घरातल्या पोरांचे, त्यामुळं दाराबाहेर 'किंग', 'जानू', 'नाद करायचा नाय' अशी मंडळी उभी असतात. एकदा 'जानू'ला मी बराच वेळ बाहेर ठेवलं. ते त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे निघाले, नातीचा मोबाईल घेऊन बसलेले.

आत आलेला माणूस पहिलं काय करतो, तर राम राम घालतो. आपल्याकडं राम राम घातला आणि समोरच्यानं घेतला नाही तर वर्षभर बोलणं बंद होतं. साठ-सत्तर माणसं एकमेकांना राम राम घालणार आणि घेणार, मग 'सोयाबीन कसं हाय' हे विचारणार. पहिल्या परिषदेत उद्‌घाटनाची वेळ त्यातच गेली. शेवटी मी तोडगा काढला. सगळ्यांचे माईक बंद करायचे, आणि सगळ्यांच्या वतीनं मी एकट्यानं हात जोडून राम राम घ्यायचा. परिषदेत माझं निम्मं काम हात जोडण्याचंच असतं. ही सवय पुढं कुठं नडली ते सांगतोच.

सत्कारही असतोच. शाल, नारळ मी कॅमेऱ्यासमोर धरतो, पाहुणे तिकडं मान झुकवतात, मग मी शालीची घडी करून कपाटात ठेवतो. पाहुणे लोहाऱ्याला आले की घेऊन जातील असं ठरलेलं आहे. कपाटाचं दार आता लागत नाही. कुणाची शाल कुठली ते मला तोंडपाठ आहे, आणि दार लोटताना दर वेळी वाटतं की आपण एवढ्या मोठ्या माणसांच्या शाली दाबून बसलोय.

माईक चालू राहिल्याचेही प्रकार होतात. एका परिषदेत चाऱ्यावरचं व्याख्यान चालू असताना एका घरातलं नवरा-बायकोचं भांडण सगळ्यांना ऐकू यायला लागलं. विषय होता मेहुण्याच्या लग्नात मिळालेला टॉवेल. परक्याचं घरगुती बोलणं ऐकणं पाप म्हणून मी बटण दाबलं, तर तीन-चार पिवळे हात वर आले. एकानं विचारलं, "सर, टॉवेलाचं काय ठरलं तेवढं ऐकू द्यायचं हुतं."

आता माझा दोष सांगतो. कुणाचा आवाज बंद केला की माझ्या जिवाला लागतं. बापाच्या वयाचा माणूस बोलतोय आणि आपण बोटाच्या टोकानं त्याचं तोंड बंद करतोय, हे मला सोसत नाही. म्हणून परिषद संपली की ज्यांना ज्यांना बंद केलं त्यांना फोन करून मी माफी मागायचो. तामलवाडीच्या एका आजोबांना असाच फोन केला.

"मला बंद केलं हुतं?" ते म्हणाले. "कवा?"

त्यांना पत्ताच नव्हता. आपण अर्धा तास बोललो आणि सगळ्यांनी ऐकलं, या समाधानात ते सुखानं जेवायला बसले होते. माझ्या माफीनं त्यांचा घास तोंडात अडकला. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. बायको म्हणाली, "तुम्ही माणसाला एकदा मारता आणि मग त्याला सांगायला जाता." ते खरं होतं, पण सवय गेली नाही.

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सोन्यासारखा. मला नोकरीला त्यांनीच लावलं. पण अण्णांचं अध्यक्षीय भाषण म्हणजे एकदा गाडी सुटली की मधे थांबा नाही. ते पाठ करून, डोळे मिटून बोलतात. कारण एकदा मी विचारलं होतं. म्हणाले, "डोळे उघडले की कोणीतरी जांभई देताना दिसतं आणि माझा मुद्दा निसटतो."

ऑनलाइनमध्ये अण्णांना आणखी एक अडचण यायची. स्वतःचाच आवाज घुमून कानावर यायचा आणि ते मधेच थांबून "कोण बोलतंय?" असं विचारायचे. त्यावर मीच त्यांना उपाय शिकवला: बोलायला लागलात की मोबाईलचा आवाज पूर्ण बारीक करायचा. अण्णांनी तो नियम प्रार्थनेसारखा पाळला. थोडक्यात, भाषण चालू असताना अण्णांना काही दिसत नसे आणि काही ऐकूही येत नसे. हे सगळं ध्यानात ठेवा.

गेल्या उन्हाळ्यातली परिषद. विषय होता उस्मानाबादी शेळीच्या पिल्लांची मरतूक कशी टाळावी. धाराशिवहून एक डॉक्टर मॅडम बोलणार होत्या. अण्णांना दुपारून एका लग्नाला जायचं होतं म्हणून अध्यक्षीय भाषण आधी घेतलं. सत्कार झाला, अण्णांनी डोळे मिटले, गाडी सुटली.

तेवढ्यात सास्तूरच्या काशीबाईंचा माईक चालू झाला. काशीबाई आमच्या जुन्या सभासद. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या नव्या गावातल्या घराच्या मागं त्यांचा गोठा आहे. आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचते. "आवं, कुणी हाय का" एवढं ऐकू आलं आणि मी बटण दाबलं. त्यांनी माईक पुन्हा चालू केला. मी पुन्हा बंद केला. असं आणखी एकदा झालं. अध्यक्षांचं भाषण चालू असताना मधे बोलायचं नाही हा आमच्याकडं सगळ्यात मोठा नियम. म्हणून मी असं केलं की आता माझ्या परवानगीशिवाय कुणालाच माईक चालू करता येणार नाही. दाराला आतून कडी घातली म्हणा.

मग काशीबाईंनी कॅमेरा चालू केला. चौकटीत त्या दिसल्या, पदर खांद्यावरून घसरलेला, घामेजलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मीही हात जोडले. त्यांनी पुन्हा जोडले, कपाळापर्यंत नेले. मला वाटलं, उशिरा आल्या, राम राम घालतायत. सगळ्यांच्या वतीनं घ्यायचा तर नीट घ्यावा म्हणून मीही कपाळापर्यंत नेले. तिसऱ्या वेळी काशीबाईंनी हात जोडले नाहीत. त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

त्या बाजूला सरकल्या तेव्हा मागचं दिसलं. त्यांची काळी शेळी, चंद्री, जमिनीवर आडवी. शेजारी त्यांची सून सुनंदा, तोंडाला पदर लावून रडत होती.

मी काशीबाईंचा माईक उघडला.

"सायेब, चंद्री अडलीय," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं कळा देतीया. पिल्लाचं तोंड आन् एकच पाय भायेर आलाय. दवाखान्यातलं डॉक्टर दुसऱ्या गावाला लशी टोचाया गेल्यात. माज्या हाताची बोटं वळंनात आता. किती येळ झालं हाका मारतीया, तुमी नुसता राम राम घालताय."

चंद्रीवर त्या घराचं दूध होतं. आणि या खेपेला पाट, म्हणजे मादी पिल्लू झालं, तर ती सुनेच्या नावावर करायची असं घरात ठरलेलं. लग्न होऊन आल्यापासून सुनंदाला स्वतःचं म्हणावं असं पहिलं जनावर मिळणार होतं. ती एका कारकुनाच्या घरातली, शेळीला हात लावायलाही भ्यायची. तरी गेले दोन-तीन महिने ती चंद्रीचं पोट चाचपून बघायची. हे मला काशीबाईंनीच मागं कौतुकानं सांगितलं होतं.

तालुक्यातले शेळीतले सगळे जाणकार त्या घटकेला एका ठिकाणी जमलेले होते, वर एक डॉक्टर. आणि सगळ्यांची तोंडं मी बंद केलेली होती.

डॉक्टर मॅडमचा माईक उघडला. त्या काहीतरी विचारत होत्या, पण अण्णांचा भरदार आवाज त्यांच्या वरून जात होता. शेळीचा इतिहास चालू होता, अजून निजामकाळापर्यंतच आला होता. अण्णांना फोन करावा तर त्यांचा फोन म्हणजेच परिषद. हाक मारावी तर आवाज बारीक केलेला. खुणा कराव्यात तर डोळे मिटलेले. एकच मार्ग उरला होता. ज्या माणसानं मला नोकरी दिली त्याच्या चौकटीवर मी बोट नेलं. पडद्याकडं बघून म्हणालो, "अण्णा, माफ करा," आणि दाबलं.

अण्णांचे ओठ हलत राहिले. हातही. आवाज गेला.

मग मी घाबरून आणखी एक चूक केली. सगळ्यांचेच माईक उघडले. तेल पाजा, गूळ चारा, उभी करा, आडवीच राहू द्या, आमच्या म्हातारीला बोलवा, असा एकच कालवा उठला. मॅडम कडक आवाजात म्हणाल्या, "मॉडरेटर, मी आणि आजी सोडून सगळ्यांना बंद करा." मी सगळ्यांना बंद केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बटण दाबताना मला काही वाटलं नाही.

"आजी, मला शेळी दाखवा," मॅडम म्हणाल्या. "तुमची हनुवटी दिसतेय."

मोबाईल खाली-वर झाला. आभाळ दिसलं, पत्रा दिसला, मग चंद्री दिसली.

"दुसरा पाय आत दुमडलाय. लहान हात कुणाचा आहे?"

"सुनंचा हाय. पर ती भितीया."

"तिला म्हणावं, भी, पण हात साबणानं धू. नखं काढलेली आहेत ना? आता कोपरापर्यंत गोडं तेल लाव."

सुनंदानं हात धुतले. रडणं थांबलेलं नव्हतं, पण हात थांबले नाहीत. मॅडम सांगत गेल्या: कळ थांबली की पिल्लाला हळूच मागं सार, जोर करू नकोस, पायाच्या मागं बोटं ने, खूर तळहातात झाकून घे म्हणजे आत टोचणार नाही, आता पुढं आण. काशीबाई एका हातानं मोबाईल धरून दुसऱ्यानं चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. साठ-सत्तर चौकटींतली माणसं पडद्याला नाक लावून बसली होती. त्यांच्यामधे एका चौकटीत अण्णा, डोळे मिटून, उजवा हात उंचावून, कुणाला तरी काहीतरी पटवून देत होते.

"आला," सुनंदा म्हणाली. "दुसरा पाय आला."

"आता दोन्ही पाय धर. कळ आली की खालच्या अंगाला ओढ, कळ गेली की थांब."

पिल्लू बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. हालचाल नाही. सुनंदा पडद्यातल्या मॅडमकडं नाही, सासूकडं बघत होती. माझ्या मनात एकच विचार, की ते तीन वेळा बटण दाबलं नसतं तर एवढा वेळ गेला नसता.

"नाक-तोंड पुसून घे," मॅडम म्हणाल्या. "गोणपाटानं अंग चोळ. जोरात. आता गवताची काडी घे आणि नाकात फिरव."

काडी फिरली. काही झालं नाही. पुन्हा फिरली. आणि पिल्लू शिंकलं. मग त्यानं असं ओरडायला सुरुवात केली की काशीबाईंच्या हातातला मोबाईल हलला. नर होता. त्याच्यामागून थोड्या वेळानं दुसरं पिल्लू कुणाच्या मदतीशिवाय आलं. ती पाट.

चौकटीचौकटीत लोक टाळ्या वाजवत होते. कुणी उभं राहून, कुणी डोळे पुसत. तामलवाडीचे ते आजोबासुद्धा फेटा काढून डोळ्याला लावत होते.

आणि नेमक्या त्या वेळी अण्णांचं भाषण संपलं. त्यांनी डोळे उघडले.

अण्णांनी पडदा नीट न्याहाळला. डोळे पुसणारी माणसं पाहिली. मग सावकाश हात जोडले, या चौकटीकडं, त्या चौकटीकडं. मी घाईनं त्यांना माईक चालू करण्याची सूचना पाठवली. पडद्यावर काही आलं की दाबायचं असं मीच शिकवलेलं, त्यांनी दाबलं. भरल्या गळ्यानं "धन्यवाद" एवढंच सगळ्यांना ऐकू आलं. मग ते लग्नाला गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "नागनाथ, आजची सभा काही वेगळीच होती. एकानं जांभई दिली नाही. सास्तूरची एक पोरगी तर हुंदके देत होती. निजामकाळाचा भाग तिला लागला असेल." त्यांना रेकॉर्डिंग हवं होतं, पुण्याच्या मुलीला पाठवायला.

मला जेवण जाईना. साठ-सत्तर माणसांना खरं ठाऊक होतं, पण एकानंही अण्णांना सांगितलं नाही. आपल्याकडं मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगत नाहीत. उलट जो भेटेल तो म्हणायचा, "अण्णा, परवाची सभा जन्मात इसरायची न्हाय." ते खोटंही नव्हतं. अण्णा दिवसेंदिवस तरुण दिसायला लागले. पुढच्या परिषदेत भाषण थोडं वाढवायचा विचार त्यांनी बोलून दाखवला.

बायको म्हणाली, "त्या आजोबांचं काय झालं ते आठवा. सुखात आहेत, राहू द्या." मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांकडं गेलो. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: हात जोडणं, बटण, पाय, काडी, टाळ्या कशासाठी होत्या ते. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "पिल्लं आहेत ना दोन्ही?"

"आहेत, अण्णा."

"आणि तू मला कुठं बंद केलंस?"

"निजामकाळात."

"म्हणजे मुख्य भाग राहिलाच की." त्यांनी समोरच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. "बस."

मी बसलो. अण्णांनी डोळे मिटले आणि भाषण पहिल्यापासून सुरू केलं. मध्ये दूधवाला येऊन गेला, काकू दोनदा चहा ठेवून गेल्या. माझा अंगठा खुर्चीच्या हातावर आपोआप काहीतरी चाचपत होता, पण तिथं बटण नव्हतं. इतक्या वर्षांत अण्णांचं भाषण मी पूर्ण असं पहिल्यांदाच ऐकलं. एरवी माझं लक्ष चौकटींकडं असतं. निजामकाळानंतर ते खरोखर चांगलं होतं. त्यांच्या आईनं पाळलेल्या एका शेळीचा भाग आला तेव्हा मला माझी आई आठवली.

शेवटी अण्णा म्हणाले, "आणि जाता जाता, जो स्वतः कधी बोलत नाही, पण ज्याच्यामुळं माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, त्या आपल्या नागनाथचे मी अध्यक्ष या नात्यानं मनापासून आभार मानतो."

त्यांनी डोळे उघडले. मी कुठं बघावं ते मला कळेना.

"हे त्या दिवशी कुठवर पोचलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच घरात राहिलं, अण्णा."

ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. चहा प्यायले. म्हणाले, येत्या रविवारी सास्तूरला जाऊ, ती पिल्लं बघू, सुनंदाचा सत्कार करू. कपाटातली एखादी शाल घे. तिथं दोन शब्द मी बोलेनच.

घरी येताना हलकं वाटायला हवं होतं. पण एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नव्हती, ती इथं लिहितो, कारण ज्या अंकात हे छापून येतंय तो त्यांच्याकडं जातो. सुनंदानं ओढून काढलेला तो बोकड जन्मल्यापासून अखंड ओरडतोय, तेही डोळे मिटून. म्हणून काशीबाईंच्या घरात त्याचं नाव पडलं 'अध्यक्ष'. सगळी गल्ली त्याला त्याच नावानं हाक मारते.

मी लगोलग काशीबाईंना फोन लावला. रविवारी एक दिवस तरी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारा, अशी हात जोडून विनंती केली.

"बगते सांगून," काशीबाई म्हणाल्या. "पर सायेब, त्ये आयकत न्हाय कुणाचं. तुमच्याकडं त्ये बटान हाय न्हवं? त्येवढं घिऊनच या."